बाळाची वाढ आणि गांवाची स्वच्छता

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड नांवाचें गांव आहे. संत जनाबाईचें हें जन्मस्थान. जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिली. तिला जाऊन साडेसहाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु तिची कथा मराठवाड्यांतील बायकांच्या ओठांवर अजून आहे. त्या कथेंत विठ्ठल जनीच्या घरीं येतो, तो उपदेश करावयास नव्हे. तो तिच्याबरोबर दळूं लागतो, पाणी वाहतो, केर काढतो, शेणी वेंचतो. भक्तिमार्गाच्या दृष्टीनें या कथेचा अर्थ कांहींहि असो. संसाराच्या दृष्टीनें तींत एक साधी गोष्ट आहे. कामाखालीं वांकलेल्या बाईला कोरड्या शब्दापेक्षां मदतीचा हात अधिक उपयोगी पडतो. मातांना स्वच्छतेचे धडे देऊन त्यांच्या मुलांची खुंटणारी वाढ सांवरण्याचा जो प्रयत्न महाराष्ट्रांत गेल्या शंभर वर्षांत झाला, त्याचा इतिहास पाहतां हीच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

प्रथम वाढ खुंटणें म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. जन्मतः बाळाची लांबी सुमारें ५० सेंटीमीटर असते. पहिलें वर्ष संपतां संपतां ती ७५ च्या घरांत जाते आणि दुसऱ्या वर्षाअखेर ८७ च्या आसपास पोंचते. पुढें साऱ्या आयुष्यांत माणूस इतक्या वेगानें पुन्हा कधीं वाढत नाहीं. गर्भारपणाचे सुमारें २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून जे एक हजार दिवस होतात, त्यांतच शरीराचा व बुद्धीचा पाया घातला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं निरोगी मुलांच्या वाढीचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांप्रमाणें दोन वर्षांचें मूल सुमारें ८० सेंटीमीटरपर्यंतहि पोंचलें नसेल, तर त्याची वाढ खुंटली असें मानतात.

या दोषाचा मोठा घातकपणा असा कीं, तो दिसत नाहीं. ताप आला तर अंग तापतें, गोंवर आला तर पुरळ उठतो. वाढ खुंटली तर मूल रडत नाहीं कीं कण्हत नाहीं. आजी म्हणते, बापाच्या अंगावर गेलें आहे. शेजारीण म्हणते, लहान चणीचें आहे. आणि गांवांतील बहुतेक मुलें सारखींच ठेंगणीं असलीं म्हणजे ठेंगणेपण कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीं. तथापि त्याची किंमत पुढें मोजावी लागते. अशा मुलाला शाळेंत धडा उशिरां उमजतो, मोठेपणीं कष्टाचें काम झेपत नाहीं. आणि तें मूल मुलगी असेल, तर तिच्या पोटीं येणारें बाळहि बहुधा कमी वजनाचें जन्मतें. म्हणजे एका पिढीचें दुर्दैव दुसऱ्या पिढीच्या पदरांत पडतें.

वाढ खुंटण्याचीं कारणें अनेक आहेत. मातेचा रक्तक्षय, लहान वयांतील लग्न व बाळंतपण, लागोपाठ होणारीं मुलें, सहा महिन्यांनंतर वरचें अन्न वेळेवर न मिळणें, हीं त्यांतील मुख्य होत. परंतु ताटांत अन्न पडलें म्हणजे तें अंगीं लागलेंच असें नाहीं. मैल्यांतील सूक्ष्म जंतु पाणी, माती, माशा आणि हाताचीं बोटें या वाटांनीं मुलाच्या पोटांत जातात. वारंवार जुलाब होतात, जंत होतात. आणि जुलाब झाले नाहींत तरी आंतड्याच्या आंतील जी मऊ लव अन्नरस शोषून घेते, ती हळूहळू झिजते. शरीराची शक्ति वाढीऐवजीं जंतूंशीं झुंजण्यांत खर्च होते. म्हणून बाळाच्या उंचीचा संबंध जसा चुलीशीं आहे तसाच तो रांजणाशीं, उकिरड्याशीं आणि गांवाबाहेरील वाटेशींहि आहे.

परभणीकडील खेड्याचें रूप डोळ्यांपुढें आणलें म्हणजे हा संबंध चांगला उमगतो. शेत तें काळी आणि गांव ती पांढरी, अशी येथील जुनी वाटणी. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल पायांबरोबर घरांत येतो. उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात आणि पाणी दुरून आणावें लागतें. घरची जमीन सारवलेली. तिच्यावर बाळ रांगतें, हाताला लागेल तें तोंडांत घालतें. लहान लेंकराची शी निरुपद्रवी असते, असा समज पूर्वापार चालत आलेला असल्यामुळें ती जवळच्या उकिरड्यावर टाकिली जाते. वास्तविक मोठ्या माणसाच्या मैल्याइतकीच, किंबहुना अधिक, ती रोगवाहक असते. यांत मातेचा आळस नाहीं. जी बाई पहांटे पाण्याला जाते, दिवसभर कापूस वेंचते किंवा निंदण करते आणि सांजेला पुन्हा भाकऱ्या थापते, तिला चार वेळां हात धुण्यास पाणी कोठून आणावयाचें हा खरा प्रश्न असतो.

त्यांतून हा मुलूख बराच काळ निजामाच्या हैद्राबाद राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य भारतांत सामील झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. शाळा, दवाखाने, नळ या गोष्टी येथें पश्चिम महाराष्ट्राच्या मानानें उशिरां आल्या. मातेला लिहितांवाचतां येत नसे. मग छापील पत्रकानें ती काय शिकणार? तिला शिकवावयाचें तर डोळ्यांनीं पाहतां येईल असेंच शिक्षण हवें होतें.

अशा शिक्षणाचा पहिला मोठा आचार्य शेजारच्या वऱ्हाडांत निपजला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांव येथें एका परीट कुटुंबांत झाला. अंगावर चिंध्या, एका हातांत मातीचें गाडगें, दुसऱ्या हातांत खराटा, अशा वेषांत ते गांवांत शिरत आणि कोणाशीं न बोलतां रस्ते झाडूं लागत. लोक प्रथम हंसत, मग ओशाळत, आणि शेवटीं तेहि झाडू घेऊन पुढें होत. रात्रीं त्याच स्वच्छ केलेल्या जागेंत कीर्तन होई. दिवसा प्रयोग आणि रात्रीं प्रवचन, असा हा क्रम होता. बाबांनीं आधीं स्वतःचे हात मळविले आणि मग लोकांना हात धुण्यास सांगितलें; म्हणूनच त्यांचें सांगणें बायाबापड्यांच्या मनांत उतरलें. २० डिसेंबर १९५६ रोजीं त्यांनीं देह ठेवला. कोंकणांत कणकवली येथें अप्पासाहेब पटवर्धनांनीं याच विचारानें भंगीकाम स्वतः अंगीकारिलें आणि खेड्यास परवडेल अशा, मैल्याचें सोनखत करणाऱ्या संडासाचा प्रसार केला.

स्वच्छतेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू होती, ती पाण्याच्या हक्काची. १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हातांत घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथेंच दलित स्त्रियांसमोर बोलतांना त्यांनीं स्वच्छ राहणी आणि मुलांचें शिक्षण यांविषयीं उपदेश केला. या दोन प्रसंगांचा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ज्या बाईला विहिरीवर चढण्यास मज्जाव आहे, तिला अस्वच्छ म्हणून दूषण देणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. आधीं पाणी, मग धडा. हा न्याय महाडानें घालून दिला.

हा न्याय मातांच्या आरोग्यशिक्षणास प्रत्यक्ष लावून पाहिला गेला तो परभणीच्या नैर्ऋत्येस, बीड जिल्हा ओलांडल्यावर लागणाऱ्या जामखेड तालुक्यांत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं तेथें काम आरंभिलें. थोड्याच दिवसांत महाराष्ट्रावर १९७२ चा भयंकर दुष्काळ कोसळला. मराठवाड्यांतील हजारों बाया तान्हीं मुलें झोळींत ठेवून खडी फोडावयास बसल्या होत्या. जामखेडच्या गांवकऱ्यांनीं डॉक्टरांकडे औषध मागितलें नाहीं. त्यांनीं अन्न आणि पाणी मागितलें. तेव्हां आधीं कूपनलिका खणल्या गेल्या. त्या दलित वस्तींत घेण्याकडे डॉक्टरांनीं कटाक्ष ठेविला, म्हणजे इतर जातींच्या बायकांनाहि त्याच पाण्याशीं येणें भाग पडलें.

मग शिक्षिका कोण असावी हा प्रश्न आला. शहरांतून शिकून आलेल्या परिचारिकेस गांव परकी समजे. म्हणून प्रत्येक गांवानें आपल्यांतीलच एक बाई निवडावी असें ठरलें. या बायका बहुधा निरक्षर होत्या. कांहीं अस्पृश्य मानिलेल्या जातींच्या होत्या. आठवड्यांतून एकदां त्या जामखेडास जमत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जाऊन शेजारणींना शिकवीत. पाणी गाळून झांकून ठेवावें; रांजणांत तांब्या न बुचकळतां लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें; शौचाहून आल्यावर आणि बाळास भरविण्यापूर्वीं साबणानें, नाहीं तर राखेनें हात धुवावे; जुलाब लागल्यास अंगावरचें दूध बंद न करतां मीठ व साखर घातलेलें पाणी पाजीत राहावें; सहा महिने पुरे होतांच बाळास मऊ अन्न चारावें, असे तेथील धडे होते. यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु हेंच जेव्हां स्वतःचीं मुलें वाढविलेली शेजारीण सांगते आणि प्रसंगीं रात्रीं उठून आजारी लेंकराजवळ बसते, तेव्हां त्यास जें वजन येतें तें व्याख्यानास येत नाहीं. १९७१ सालीं त्या भागांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकीं १७६ पहिल्या वर्षांतच दगावत. पंचवीस वर्षांत हा आंकडा तिसाच्याहि खालीं आला. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पण तो मान खरोखर त्या खेडवळ बायांचाहि होता.

सरकारी प्रयत्नहि याच सुमारास सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजनेचा आरंभ झाला आणि अंगणवाडी हा शब्द घरोघर पोंचला. १९७२ सालीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें होतें. तेथें पुढें गृहविज्ञानाचें महाविद्यालय निघालें आणि मुलांचें पोषण व संगोपन हे अभ्यासाचे विषय झाले. याच विद्यापीठाच्या सहकार्यानें २०१८ सालीं लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ति’ ही ज्वारीची जात प्रसारांत आली. भाकरी हेंच जेथील मुख्य अन्न, तेथें मातेच्या रक्ताचा विचार ज्वारीच्या दाण्यापासूनच व्हावा, हें योग्यच झालें.

२००० सालीं महाराष्ट्र सरकारनें गाडगेबाबांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें. रा. रा. पाटील हे तेव्हां ग्रामविकासमंत्री होते. गांवागांवांत चढाओढ लागली. गटारें उपसलीं गेलीं, उकिरडे हलविले गेले, रस्ते झाडले गेले. या लोकजागृतीचा मुलांच्या उंचीवर कांहीं परिणाम होतो काय, हें मोजण्याचा एक दुर्मिळ प्रयोग पुढें घडून आला. २००४ सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर), नांदेड व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील कांहीं गांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडण्यांत आलीं. निम्म्या गांवांत प्रचारकांनीं जावें, निम्म्यांत जाऊं नये, अशी योजना होती. प्रत्यक्षांत काम झालें तें केवळ नगर जिल्ह्यांत. परभणीच्या सीमेला लागून असलेल्या नांदेडांत तें झालेंच नाहीं. नगरच्या त्या गांवांत प्रचारकांनीं सर्व लोकांस एकत्र बसवून गांवचा मैला गांवच्याच पोटांत कसा परत येतो हें त्यांना दाखविलें. जेफ्री हॅमर व डीन स्पीअर्स या अभ्यासकांनीं नंतर हिशेब मांडला, तेव्हां त्या गांवांतील मुलें इतर गांवांतील मुलांहून थोडीं, चार वर्षांच्या मुलाच्या मानानें सुमारें एक सेंटीमीटरभर, उंच भरलीं. एक सेंटीमीटर म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. पण साऱ्या गांवाच्या मुलांची सरासरी एवढी वर सरकणें ही लहान गोष्ट नव्हे.

याच वर्षांत औरंगाबाद विभागांत विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकारानें कुपोषणाविरुद्ध एक मोहीम चालली होती. प्रत्येक मुलाचें वजन खरें नोंदावें, आजारी मूल शोधून त्यास दवाखान्यांत न्यावें, अंगणवाडी व आरोग्य या दोन खात्यांनीं एकत्र बसावें, असें साधें तिचें स्वरूप होतें. तींतूनच २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान जन्मास आलें. जिजाऊंचें माहेर सिंदखेडराजा परभणीच्या वायव्येस, फार दूर नाहीं. नांव त्यामुळें या भागास आपलें वाटलें. अभियानानें लक्ष वेधलें तें पहिल्या हजार दिवसांकडे. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभरांपैकीं ४६ मुलांची वाढ खुंटलेली आढळली होती. २०१५-१६ सालीं हें प्रमाण ३४ वर आलें. दहा वर्षांत इतकी उतार क्वचित् आढळते. तिचें श्रेय एकट्या अभियानाचें नव्हे. मुलींचें शिक्षण, लग्नाचें वाढलेलें वय, दवाखान्यांतील बाळंतपणें आणि वाढलेली मिळकत यांचाहि त्यांत वाटा आहे.

परंतु इतिहास येथें संपत नाहीं. २०१८ सालीं खेड्यांतील महाराष्ट्र उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचें घोषित करण्यांत आलें. दारोदार संडास उभे राहिले. तरी २०१९-२१ च्या पाहणींत वाढ खुंटलेल्या मुलांचें प्रमाण शंभरांत ३५, म्हणजे होतें तेथेंच, राहिलें. याच सुमारास बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे या देशांतून मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. तेथें कुटुंबांना संडास दिले, हात धुण्याची सोय दिली, पाणी शुद्ध करण्याचें औषध दिलें; तरी मुलांची उंची वाढली नाहीं. जेथें बाळाला पूरक अन्न दिलें, तेथें ती किंचित् वाढली. मग स्वच्छतेचा धडा व्यर्थ काय? मुळींच नाहीं. बांगलादेशांत जुलाब खरोखर कमी झाले. परंतु चार घरीं संडास आणि बाकी गांव पूर्वींसारखाच राहिला, तर जंतु कुंपण ओळखीत नाहींत. आणि अंगण झाडलें तरी पोटांत पुरेसें अन्न नसेल, तर हाडें लांबत नाहींत. स्वच्छता, अन्न आणि मातेचें आरोग्य हे चुलीचे तीन धोंडे आहेत. एक काढला तर भांडें कलंडतें.

ही गोष्ट परभणी जिल्ह्यास विशेष लागू पडते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या बाजूंचीं कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि वसंत सरतांना परततात. आशाताईनें शिकविलेला धडा त्या मातेला तोंडपाठ असतो. पण फडाच्या कडेला कोपीचें घर असतें. तेथें नळ नाहीं, संडास नाहीं, अंगणवाडीचें दार दूर राहिलेलें. पहांटे कोयता घेऊन ती निघते तेव्हां बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर असतें. ती बहीणहि आठदहा वर्षांचीच. बाळाच्या हजार दिवसांपैकीं दोन हंगामांचे तीनशें दिवस तरी असे जातात. पाहणीचा तो ३५ चा आंकडा ज्या घरांत अडकून पडला आहे, त्यांत हीं घरें आहेत. तेथें माता अडाणी आहे असें म्हणून भागत नाहीं. तिला ठाऊक आहे; परंतु तिच्या ठाऊक असण्यास टेकावयास जागा नाहीं.

शंभर वर्षांच्या या प्रयत्नांतून निघणारा बोध असा आहे. गाडगेबाबांनीं खराटा आधीं हातीं घेतला, महाडानें पाणी आधीं मागितलें, जामखेडानें कूपनलिका आधीं खणली. म्हणून त्यांचें सांगणें रुजलें. जेथें नुसतें सांगणेंच झालें, तेथें तें भिंतीवरच्या अक्षरांतच राहिलें. मातेला शिकवावें, अवश्य शिकवावें. पण तिच्या हंड्याला दुसरा हात लागला पाहिजे. तो हात नवऱ्याचा असावा, सासूचा असावा, ग्रामपंचायतीचा असावा, आणि फडावर नेणाऱ्या मुकादमाचा व साखर कारखान्याचाहि असावा. गंगाखेडच्या जनीला तिच्या देवानें स्वच्छतेवर एकहि शब्द ऐकविला नाहीं. त्यानें तिच्याबरोबर अंगण झाडलें.